१५३ मासे, दोन आजोबा आणि जागा बदलणारा सिंह

डोकं दुखत असेल तर ताईतवाल्याकडे धावू नका, त्यापेक्षा योहानाचं शुभवर्तमान डोक्याशी ठेवा. हा सल्ला दुसऱ्या कुणाचा नाही, खुद्द संत ऑगस्टीनचा आहे. आजच्या अल्जीरियातल्या हिप्पोचा तो बिशप. तिथे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला योहानावर प्रवचनं देताना त्याने हे सांगितलं. ग्रंथ डोकेदुखीवरचा उतारा म्हणून लिहिलेला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण गंडेदोरे बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या थोडं आधी तिकडे अँटिऑकमध्ये योहान क्रिसोस्टम हा नामवंत वक्ता प्रवचनात सांगत होता की, आपल्याकडच्या बऱ्याच बायका शुभवर्तमानाच्या छोट्या प्रती गळ्यात घालून फिरतात.

येशूनंतरच्या पहिल्या चार-पाच शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांनी मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांना अक्षरशः पिंजून काढलं. आपण आज विचारतो ते सगळे अडचणीचे प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारले होते, आणि तेही उघडपणे, भर प्रवचनात. त्यांचा हा चौकसपणा मला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्यातल्या काही खास गोष्टी इथे सांगतो.

ना अध्याय, ना वचन

आज आपण ‘मत्तय ५:३’ असं म्हणून मोकळे होतो. पण अध्याय पाडले गेले ते तेराव्या शतकात. स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूकडे त्याचं श्रेय जातं. नव्या कराराला वचनांचे आकडे दिले रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने, १५५१ साली. त्याआधीच्या लेखकाला एखादं वाक्य शोधायचं तर पानंच्या पानं चाळावी लागत. त्यामुळे बहुतेक जण पाठांतरावर भिस्त ठेवत.

साहजिकच शब्द इकडचे तिकडे होत. रोमच्या क्लेमेंटने इसवी सन ९६च्या सुमाराला करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात तो प्रभूच्या वचनांची आठवण करून देतो आणि दया, क्षमा, न्याय यांविषयीची सात छोटी सूत्रं एका दमात सांगतो. भाव ओळखीचा, पण त्या क्रमाने आणि त्या शब्दांत ती सूत्रं चारपैकी एकाही शुभवर्तमानात सापडत नाहीत. त्याच्यासमोर ग्रंथ होता की कानात घोळणारी शिकवण, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला कानाचीच बाजू जास्त पटते.

हिएरापोलिसचा बिशप पापियास तर सरळ सांगतो की, पुस्तकांपेक्षा माणसांच्या तोंडून ऐकलेलं मला जास्त उपयोगी वाटतं. प्रेषितांबरोबर वावरलेलं कुणी गावात आलं की तो त्याला गाठून विचारपूस करायचा. मार्कने पेत्राकडून ऐकलेलं नेमकेपणाने लिहून काढलं, पण क्रमवार नव्हे, ही माहिती आपल्याला त्याच्याचमुळे मिळते. याच पापियासने येशूच्या तोंडची म्हणून एक अफाट द्राक्षवेलही सांगितली आहे. देवाच्या राज्यात एकेका वेलीला दहा हजार फांद्या, फांदीला दहा हजार डहाळ्या, असं करत करत घडाला दहा हजार द्राक्षं, आणि एकेका द्राक्षातून पंचवीस मोठी मापं मद्य! पुढे युसेबियस या इतिहासकाराने पापियासची बुद्धी बेताचीच होती, असा शेरा मारला. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. पापियासचे पाचही ग्रंथ आज हरवले आहेत. जे तुकडे उरले, ते युसेबियससारख्यांनी आपल्या लिखाणात उतरवून घेतले म्हणून.

गव्हाणीतला बैल आला कुठून?

वसईत, गोव्यात नाताळला घरोघर गव्हाणीचा देखावा मांडतात. त्यात बैल आणि गाढव हवंच. पण लूकचं शुभवर्तमान उघडून बघा. तिथे गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, बैल नाही आणि गाढवही नाही. ही जोडी आली यशया संदेष्ट्याकडून. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला, अशा अर्थाचं त्याचं वचन आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेनने लूकवरच्या प्रवचनात ते या गव्हाणीला जोडलं, आणि दोन्ही जनावरं देखाव्यात कायमची आली.

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी किती होते, हेही मत्तयने सांगितलेलं नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन, असं आपण धरून चालतो. ओरिगेनच्या एका प्रवचनात हा तीनचा आकडा दिसतो. सिरियाकडच्या परंपरेत मात्र मागी बारा. ते जवळजवळ राजेच होते, ही कल्पना टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात आधीच आहे.

आणि जन्म झाला कुठे? दुसऱ्या शतकातला जस्टिन लिहितो की, बेथलेहेमजवळच्या एका गुहेत. शुभवर्तमानांत गुहेचा उल्लेख नाही, पण हा जस्टिन पॅलेस्टाइनचाच, आजच्या नाब्लसचा. भूमिपुत्राने ऐकलेली स्थानिक आठवण म्हणून मी तिला वजन देतो. आजही बेथलेहेमचं जन्ममंदिर एका गुहेवरच उभं आहे. येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू घडवायचा, हा तपशीलही जस्टिनचाच. गंमत म्हणजे शुभवर्तमानांमधलं इतकं काही सांगणारा हा माणूस मत्तय, लूक ही नावं एकदाही घेत नाही. तो त्यांना प्रेषितांच्या आठवणी म्हणतो, आणि रविवारच्या सभेत वेळ पुरेल तेवढ्या त्या वाचल्या जातात, असं रोमच्या सम्राटाला कळवतो.

चारच का?

फ्रान्समधल्या लियों शहराचा बिशप आयरेनियस याने १८०च्या सुमाराला याचं उत्तर दिलं. पृथ्वीच्या दिशा चार, मुख्य वारे चार, म्हणून शुभवर्तमानंही चार, ना कमी ना जास्त. शिवाय देवाच्या सिंहासनापाशी चार मुखांचे प्राणी आहेतच. त्याने एकेक मुख एकेका लेखकाला वाटून दिलं. मत्तय म्हणजे माणूस, लूक म्हणजे बैल, मार्क म्हणजे गरुड आणि योहान म्हणजे सिंह.

थांबा, सिंह तर मार्कचा ना? व्हेनिसमध्ये संत मार्कच्या चौकात खांबावर पंखांचा सिंह उभा आहे, तो मार्कचाच. पण ती वाटणी जेरोम या विद्वानाच्या पसंतीची. ऑगस्टीनने तर सिंह मत्तयला दिला होता आणि माणूस मार्कला. म्हणजे एका सिंहाने तीन धनी केले. बैल मात्र तिघांनीही लूककडेच ठेवला, आणि अखेर जेरोमची वाटणी चित्रकारांनी उचलली.

याच आयरेनियसने आणखी एक विधान केलं, ते ऐकून आजही लोक दचकतात. येशूचं वय पन्नाशीच्या जवळ पोचलं होतं, असं तो म्हणतो. आधार काय? योहानाच्या आठव्या अध्यायात विरोधक येशूला म्हणतात की, तुला अजून पन्नास वर्षंही झाली नाहीत. आयरेनियसचा युक्तिवाद असा की, तिशीतल्या माणसाला कुणी पन्नास म्हणेल का? चाळिशी ओलांडलेल्यालाच असं म्हणतील. त्याच्या मते येशूने बाळपणापासून पोक्त वयापर्यंतच्या सगळ्या अवस्था जगून पवित्र केल्या. योहानाला भेटलेल्या वडीलधाऱ्यांनीही हेच सांगितलं, अशी पुस्तीही तो जोडतो. येशूने एकच वर्ष उपदेश केला, असं म्हणणाऱ्या गटाला उत्तर देण्याच्या भरात हे लिहिलं गेलं. पुढच्या पिढ्यांनी ते स्वीकारलं नाही. पण म्हातारपणालाही त्यात वाटा मिळावा, ही त्याची तळमळ मला भावते.

विरोधकांवर टीका करताना आयरेनियसने दिलेला दाखला तर अप्रतिम आहे. कारागिराने रंगीत खड्यांतून राजाचं सुंदर चित्र बनवलं. कुणीतरी तेच खडे उपसून पुन्हा जुळवले आणि त्यातून कोल्हा तयार केला. वर लोकांना सांगू लागला की, हाच तो राजा, खडे बघा, अस्सल आहेत! मागचापुढचा संदर्भ तोडून वचनं वापरणाऱ्यांबद्दल यापेक्षा नेमकं कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

एकाची कात्री, दुसऱ्याची गुंफण

मार्सियन हा काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा जहाजमालक. रोममध्ये आला आणि तिथल्या मंडळीला त्याने दोन लाख सेस्टर्स एवढी देणगी दिली. पुढे त्याची मतं कळल्यावर मंडळीने त्याला बाहेर काढलं, आणि पैसेही परत केले. परंपरेने हे साल १४४ मानतात. मार्सियनने चारांपैकी एकच शुभवर्तमान ठेवलं, लूकचं, आणि तेही कापून. येशूच्या जन्माची कथाच त्याने काढून टाकली. याने लेखणीऐवजी सुरी चालवली, असं टर्टुलियनने त्याच्याबद्दल म्हटलं. मार्सियनची प्रत आज उपलब्ध नाही. तरी तिच्यात काय होतं आणि काय नव्हतं हे बरंचसं कळतं, कारण टर्टुलियनने त्याच्याविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात तिचा ओळीगणिक समाचार घेतला.

जस्टिनचा शिष्य टॅशियन याने नेमकं उलट केलं. १७०च्या सुमाराला त्याने चारही शुभवर्तमानं एकत्र गुंफून एकच सलग कथा तयार केली. सिरियाच्या ख्रिस्ती लोकांना ती इतकी आवडली की, अडीचशेहून जास्त वर्षं तिथल्या उपासनेत तीच वाचली जायची. संत एफ्रेमने भाष्यही तिच्यावरच लिहिलं. पाचव्या शतकात सायरसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या भागातून तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा केल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमानं दिली. एका बिशपच्या हद्दीत दोनशे हस्तलिखितं! प्रत्येक प्रत हाताने उतरवण्याच्या काळातला हा आकडा आहे. आज टॅशियनचा मूळ ग्रंथ पूर्ण स्वरूपात कुठेही नाही. सिरियातल्या दुरा-युरोपोस या उद्ध्वस्त शहरात १९३३ साली चर्मपत्राचा एक छोटा तुकडा सापडला, त्यात चारही लेखकांचे शब्द असेच एकमेकांत विणलेले आहेत. ते शहर २५६च्या सुमाराला पडलं, म्हणजे तुकडा त्याआधीचाच.

योसेफाचे वडील कोण?

मत्तय म्हणतो याकोब, लूक म्हणतो एली. वंशावळीतला हा फरक टीकाकारांच्या नजरेतून सुटला नव्हता. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ज्युलियस आफ्रिकानस या विद्वानाने आरिस्टायडीस नावाच्या एकाला पत्र लिहून त्याची उकल सांगितली. ती महाभारत वाचलेल्या मराठी माणसाला चटकन समजेल.

एस्था नावाची एक बाई. तिला पहिल्या नवऱ्यापासून याकोब झाला. तो नवरा वारला, तिने दुसरं लग्न केलं, आणि त्याच्यापासून एली झाला. म्हणजे याकोब आणि एली यांची आई एक, वडील वेगळे. एलीचं लग्न झालं, पण मूल होण्याआधीच तो गेला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न करून भावाचा वंश चालवला, आणि योसेफ जन्मला. रक्ताने तो याकोबाचा, कायद्याने एलीचा. दोन्ही लेखक खरे! व्यास आणि विचित्रवीर्य यांचंही असंच. आई सत्यवती एक, वडील वेगळे, एक निपुत्रिक गेला आणि दुसऱ्याने त्याचा वंश चालवला. व्यासांनी लग्न केलं नाही, एवढाच मोठा फरक.

ही माहिती येशूच्या नातेवाइकांच्या घराण्यातून आली, असं आफ्रिकानस सांगतो. हेरोद राजाने वंशावळीच्या सरकारी नोंदी जाळल्या, त्यामुळे काही घराण्यांनी त्या आठवणीने जपल्या, असंही तो लिहितो. आणि शेवटी, याहून बरं उत्तर कुणाकडे असेल तर सांगावं, तोवर हे घ्यावं, अशा आशयाचं मोकळेपणाने म्हणतो. अठराशे वर्षांपूर्वीच्या विद्वानाचा हा प्रांजळपणा मनापासून दाद देण्यासारखा आहे.

फरकांकडे बघण्याची क्रिसोस्टमची दृष्टी आणखी निराळी. चौघांचं सगळं तंतोतंत जुळलं असतं, तर विरोधक म्हणाले असते की, यांनी आधी बसून संगनमत केलं. बारीकसारीक फरक आहेत म्हणूनच त्यांच्या साक्षीवर विश्वास बसतो, असं तो सांगतो. कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

ओरिगेन तर त्याही पुढे गेला. येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकललं, ते योहानात सुरुवातीला येतं आणि बाकी तिघांत शेवटी. ओरिगेनच्या मते काही ठिकाणी अक्षरार्थाने ताळमेळ बसतच नाही, आणि तो बसू नये अशीच योजना आहे. वाचकाने ठेच लागून थांबावं आणि आतला अर्थ शोधावा.

टीकाकार पॉर्फिरी याने मात्र एकही ठेच सोडली नाही. गालीलचा समुद्र हा समुद्र नव्हे, साधं तळं आहे, इथपर्यंत त्याने नेमके आक्षेप नोंदवले. त्याचा ग्रंथ जाळावा असा हुकूम ४४८ साली निघाला. त्यातले आक्षेप आज आपल्याला कळतात ते जेरोमसारख्यांनी उत्तरं देताना ते नमूद केले म्हणून.

सात लघुलेखक आणि एक पायी पाहणी

ओरिगेनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तसा वाचक पुन्हा झाला नाही. अँब्रोस नावाचा त्याचा एक सधन चाहता होता. ओरिगेन तोंडी सांगे, आणि ते उतरवायला अँब्रोसने सातहून जास्त लघुलेखक ठेवले होते. ते पाळीपाळीने बसत. शिवाय तेवढेच नकलनवीस, आणि सुवाच्य अक्षर काढणाऱ्या मुलीही. या सगळ्या ताफ्याच्या मदतीने योहानावरच्या भाष्याचे ३२ भाग झाले, आणि तरी मजल पोचली तेराव्या अध्यायापर्यंत! योहानाचे अध्याय एकवीस. त्या ३२ भागांपैकी नऊ आज उरले आहेत. याच्या उलट जेरोमचं मत्तयवरचं भाष्य. ३९८ साली आजारातून नुकताच उठलेला असताना त्याने ते पंधरवड्यात सांगून संपवलं.

ओरिगेन घरात बसून लिहिणारा नव्हता. योहान बाप्तिस्ता जिथे बाप्तिस्मा देत होता ते यार्देनपलीकडचं बेथानी, असं जवळपास सगळ्या हस्तलिखितांत आहे, हे त्याला माहीत होतं. पण येशूच्या पाऊलखुणा शोधत तो स्वतः त्या भागात फिरला. नदीकाठी या नावाचं गाव त्याला मिळालं नाही, म्हणून त्याने तिथे बेथाबारा असं वाचावं असं सुचवलं. कित्येक शतकं अनेक बायबलांत तेच छापलं गेलं. शुभवर्तमानातल्या गोष्टीत डुकरांचा कळप जिथून तळ्यात उडी घेतो ती जागाही त्याने अशीच तपासली. गेरासा गावाजवळ ना समुद्र, ना तळं, मग ते गेर्गेसाच असणार. ग्रंथातली जागा नकाशावर पडताळून पाहण्याची ही शिस्त तिसऱ्या शतकातली आहे, हे लक्षात घ्या.

आणि त्याच्या प्रामाणिकपणाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे हेराक्लिऑन. एखाद्या शुभवर्तमानावरचं पहिलं ज्ञात भाष्य या माणसाने लिहिलं, आणि तो होता चर्चने पाखंडी ठरवलेल्या व्हॅलेंटिनसच्या पंथातला. ओरिगेनला त्याचं म्हणणं पटत नव्हतं. तरी खोडून काढण्याआधी त्याने त्याची सुमारे पन्नास अवतरणं आपल्या भाष्यात दिली. आज हेराक्लिऑन आपल्याला वाचायला मिळतो तो याच अवतरणांतून. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीला पाच नवरे होते असं आपण वाचतो. हेराक्लिऑनने सहा धरले होते, हेही ओरिगेनमुळेच कळलं. सेल्सस या ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञाचंही तसंच. त्याचा मूळ ग्रंथ गेला, पण ओरिगेनने आठ भागांत त्याला उत्तर देताना त्याचा मोठा हिस्सा जपून ठेवला. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी पूर्ण मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही रीत आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेतही आहे.

मासे मोजणारे संत

योहानाच्या शेवटच्या अध्यायात जाळ्यात १५३ मासे सापडतात. दीडशे नाही, शंभर नाही. १५३ का? ऑगस्टीन म्हणतो, एक ते सतरापर्यंतचे आकडे मिळवा, बेरीज येते १५३. आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दानं. करून बघा, बेरीज बरोबर येते! पोप ग्रेगरी सतराला तीनने गुणतो, पुन्हा तीनने गुणतो, उत्तर तेच. अलेक्झांड्रियाचा सिरिल फोड करतो ती अशी: शंभर परराष्ट्रीय, पन्नास यहुदी आणि तीन म्हणजे त्रैक्य. जेरोमचं म्हणणं सरळ आहे, माशांच्या जातीच १५३ आहेत, म्हणजे जगातले सगळ्या प्रकारचे लोक जाळ्यात आले.

योहानातल्याच, अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाबद्दलही ऑगस्टीनने गणित मांडलं. चाळीस ही पूर्णत्वाची संख्या, त्यात दोन कमी. ते दोन म्हणजे देवावरची प्रीती आणि शेजाऱ्यावरची प्रीती. त्या दोन नाहीत म्हणून माणूस आजारी.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही असंच. ओरिगेनने एका वडीलधाऱ्याकडून ऐकलेला अर्थ सांगितला: जखमी वाटसरू म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे जग, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. ऑगस्टीनने उतारशाळेच्या मालकालाही सोडलं नाही, तो पौल प्रेषित ठरला. दाखल्यातल्या प्रत्येक शब्दाचा असा कीस काढू नये, मुख्य मुद्दा घ्यावा, असं क्रिसोस्टमने बजावलं होतं. माझं मत क्रिसोस्टमच्या बाजूने आहे. पण ओरिगेनचा अर्थ एकदा ऐकला की विसरता येत नाही, हेही खरंच.

पान सापडत नाही

व्यभिचारात पकडलेली स्त्री आणि दगड घेऊन उभे असलेले लोक ही योहानातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध कथा. पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाही. क्रिसोस्टमने योहानावर ८८ प्रवचनं दिली, त्यांतही ती नाही. सातव्या अध्यायाच्या शेवटावरून तो थेट पुढे जातो. तरी कथा जुनीच असावी, कारण पापियासने अनेक पापांचा आरोप असलेल्या एका स्त्रीची हकिगत सांगितल्याची नोंद आहे, आणि चौथ्या शतकात अंध विद्वान डिडिमस यालाही अशी कथा माहीत होती. ऑगस्टीनचा तर्क असा की, विश्वासाने कच्च्या अशा काहींनी आपल्या बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने ती प्रतींमधून काढून टाकली. अभ्यासक आज हा तर्क सहसा मान्य करत नाहीत, पण त्यातून त्या काळच्या नवऱ्यांबद्दल ऑगस्टीनचं काय मत होतं ते स्वच्छ दिसतं.

मार्कच्या शेवटाचंही असंच कोडं. युसेबियसला मरिनस नावाच्या एकाने त्याबद्दल विचारलं होतं. त्याने सांगितलं की, अचूक प्रती रिकाम्या कबरीपाशी, स्त्रिया भिऊन पळाल्या तिथेच संपतात. पुढची बारा वचनं त्यात नाहीत. ती ठेवायचीच असतील तर अमुक ठिकाणी विराम घेऊन वाचा, म्हणजे मत्तयशी विसंगती राहत नाही, असा पर्यायही त्याने दिला. गंमत अशी की, त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी आयरेनियसने त्या बारातलंच एक वचन मार्कचं म्हणून उद्धृत केलं होतं.

कल्याण बंदर आणि ओव्या

अलेक्झांड्रियाचा पँटीनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीला ‘भारतात’ गेला, असं युसेबियस लिहितो. तिथे त्याला हिब्रू लिपीतलं मत्तयचं शुभवर्तमान आढळलं, आणि ते बर्थलमय प्रेषिताने मागे ठेवलेलं होतं. त्या काळी अरबस्तानाकडच्या मुलखालाही भारत म्हणत, त्यामुळे जागा नक्की सांगता येत नाही. काही अभ्यासक मात्र कोकणकिनाऱ्याकडे, कल्याणकडे बोट दाखवतात. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून गेला, आणि हे आपलं कल्याण, असं अनेक जण मानतात.

शुभवर्तमान आपल्या भाषेच्या छंदात सांगावं ही हौसही फार जुनी. स्पेनच्या ज्युव्हेंकस या धर्मगुरूने ३३०च्या सुमाराला ते सुमारे ३,२०० लॅटिन ओळींत रचलं. त्याच शतकातल्या प्रोबा या रोमन बाईची करामत त्याहून थक्क करणारी. तिने व्हर्जिल या जुन्या कवीच्याच ओळी आणि अर्ध्या ओळी वेचून, जुळवून त्यांतून बायबलची कथा उभी केली, जवळजवळ सातशे ओळींत. हीच हौस गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांना झाली. इंग्लंडहून आलेल्या या जेझुइटाने सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, आणि १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं.

आता एक उद्योग तुम्हीही करा

युसेबियसने एक जबरदस्त सोय करून ठेवली होती. त्याने चारही शुभवर्तमानांचे छोटे छोटे भाग पाडून त्यांना आकडे दिले. मत्तयचे ३५५, लूकचे ३४२, योहानाचे २३२. मग दहा तक्ते बनवले. चौघांत आहे ते पहिल्या तक्त्यात, तिघांत आहे ते पुढच्यांत, आणि एकट्यानेच सांगितलेलं दहाव्यात. समासातला आकडा पाहायचा आणि बाकीच्यांकडे जाऊन पोचायचं. एकही शब्द न बदलता, न कापता, न मिसळता चौघांना शेजारी बसवण्याची ही युक्ती. टॅशियनची गुंफण आणि मार्सियनची कात्री दोन्हींपेक्षा ती सरस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. विद्वानांसाठी छापल्या जाणाऱ्या ग्रीक नव्या करारात ते आकडे आजही समासात असतात.

तक्ते हाताशी नसले तरी चालेल. पाच भाकरी आणि दोन मासे ही गोष्ट चौघांनीही सांगितली आहे: मत्तय १४, मार्क ६, लूक ९ आणि योहान ६. चारही पानं उघडी ठेवा, पेन्सिल घ्या आणि फरक टिपत जा. भाकरी आणि मासे कुणाकडचे होते, हे चौघांपैकी एकानेच सांगितलं आहे. तो कोण, ते शोधा.